गॅलसची चड्डी

डिसेंबरच्या मध्यावर सोलापुरात थंडी येते. ती फार दिवस राहत नाही, म्हणून शहर तिला पाहुण्यासारखे वागवते. सात रस्त्यावर कानटोप्या आणि मफलर दिसू लागतात. चहाच्या गाड्यांभोवती माणसे गरम ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभी राहतात. हुरडा कुणाच्या शेतात, कधी आणि चटणी कोण आणणार, याची बोलणी सुरू होतात. उन्हाने वर्षभर ज्यांच्या अंगावरचे कपडे कमी करत आणले, ती माणसे या दिवसांत काही ना काही अंगावर चढवतात. याच दिवसांत पहाटे एक जमात नेमके उलटे करते. तिच्या अंगावर सर्वांत कमी आणि सर्वांत घट्ट कपडे असतात, आणि ते सर्वांत महागही असतात.

काल समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर एक काळी चड्डी वाळत होती. वर खांद्यांवरून घ्यायचे दोन पट्टे, खाली बुडाच्या जागी जाड गादी. भाजीची टोपली घेऊन चाललेली बाई खाली थबकली आणि गच्चीतल्या माणसाला म्हणाली, "काय वो, पैलवान ऱ्हायला आला का तुमच्यात?"

"नाही मावशी, सायकलची आहे."

"मग गादी कशाला? सायकलीला शीट नसतंय व्हय?"

गच्चीतला माणूस चड्डीला आणखी एक चिमटा लावू लागला. तो नवा होता. पहिल्या हिवाळ्यात अशा प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात माणूस ती दुसऱ्यांना ऐकवू लागतो.

त्या चड्डीमुळे काही वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवला. टाळेबंदी उठून फार दिवस झाले नव्हते आणि शहरात गिअरच्या सायकली एकदम वाढल्या होत्या. दर रविवारी उजाडण्याच्या सुमारास सात रस्त्याजवळच्या एका चहाच्या गाड्यापाशी दहा-पंधरा जण जमत. तिथून बाळे, मग बार्शी रस्ता, वडाळ्यात नाश्ता आणि परत. थंडी चांगली पडली की वैरागपर्यंत. माझा गुडघा तेव्हा दुखावलेला होता. मी सायकल न घेता जात असे, चहा पिऊन त्यांना निरोप देत असे. जो निघणार नसतो त्याला निघणाऱ्यांचे कपडे नीट बघता येतात.

कपड्यांना 'किट' म्हणायचे, हा पहिला नियम. वर जर्सी, तिच्या पाठीवर तीन खिसे. खाली गॅलसची चड्डी. तिला 'बिब' म्हणायचे. मोजे पोटरीच्या अर्ध्यापर्यंत, शक्यतो पांढरे, आणि पांढरे म्हणजे खरोखर पांढरे. हेल्मेटच्या आत एक पातळ टोपी, तिची चोच वर वळवलेली. बुटांच्या तळाला पायडलात अडकणारे खटके. त्यामुळे ही माणसे सायकलवर डौलदार दिसत आणि खाली उतरली की बदकासारखी टकटक करत चहाकडे येत. एकाने पोटऱ्यांवरचे केस काढले होते. ते घरच्यांना समजू नये म्हणून तो घरात पायजम्याशिवाय फिरत नसे, हे सगळ्या ग्रुपला ठाऊक होते.

ग्रुपचे पुढारपण राजशेखर अण्णांकडे होते. अण्णांचे फरशीचे मोठे दुकान; घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी. वय साठीला टेकलेले, तरी रांगेत कायम पुढे. त्यांची जर्सी इटलीत शिवलेली होती. किंमत विचारली तर ते सांगत नसत, फक्त म्हणत, "एकदा घालून बघ, मग बोल." व्यंकटेश नावाचा सीए ग्रुपमध्ये होता. घरी आजोबांपासून माग, अंगणात तेलुगू, लहानपण खटखट आवाजात गेलेले. त्याने एकदा अण्णांच्या बाहीचा काठ बोटांत धरून चोळला. सोलापुरात कापड असेच बघतात, चादर असो की टॉवेल.

"अण्णा, पॉलिएस्टरच आहे की हे."

"पॉलिएस्टर कसलं? फॅब्रिक आहे ते."

त्यावर बराच वेळ हसणे चालले. पुढच्या महिन्यात व्यंकटेशनेही तीच जर्सी मागवली.

या तोऱ्याची एक गंमत लक्षात आली. तो अपमान म्हणून कधीच येत नाही, सल्ला म्हणून येतो. 'कॉटन घालू नका, घाम धरून ठेवते.' 'ढगळ पँट चेनमध्ये अडकते.' 'आत अंडरवेअर घालायची नसते, काचते.' यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. चुकीच्या बोलण्याशी भांडता येते. बरोबर बोलण्याने कुणी आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवत असेल तर काय म्हणून भांडायचे? दागिन्याचे कारण कुणी विचारत नाही, तो हौसेचा असतो हे सगळ्यांना मान्य असते. या कपड्यांना मात्र कारणे असतात, आणि ती शास्त्रीय असतात. त्यामुळे अंगावर मिरवणाऱ्याला आपण मिरवतो आहोत असे वाटतही नाही.

अशा मंडळींत एका रविवारी महादेवराव आले.

मूळ गाव केम. जिल्हा परिषदेत नोकरी, निवृत्ती जवळ आलेली. मुलगा पुण्याला लागला तेव्हा त्याची गिअरची सायकल घरी राहिली होती, ती घेऊन आले. अंगात सुती बनियन, वर हाफ स्वेटर, खाली ट्रॅकपँट आणि तिच्या उजव्या घोट्यावर रबर बँड. सायकल स्टँडवर लावू गेले तर तिला स्टँड नव्हता, म्हणून हातातच धरून उभे राहिले.

"मला घ्या की तुमच्यात," ते म्हणाले. "हार्टमधी स्प्रिंग टाकलीया दोन वर्सांखाली. डॉक्टर म्हनला, चालवा, पर दमानं. मंडळी म्हनल्या, चालवा, पर एकट्यानं न्हाय. सोबत पायजे म्हनल्या."

मंडळी म्हणजे त्यांच्या पत्नी, रत्नमाला वहिनी. अट साधी होती. सोबत असेल तर सायकल. नसेल तर सायकल पुण्याला मुलाकडे जाईल. महादेवरावांनी हे हसत सांगितले, पण सायकलीच्या दांड्यावरचा हात काढला नाही. केमहून शाळेसाठी रोज सायकल मारलेला माणूस. मधली तीस वर्षे मोटारसायकल आणि खुर्ची यांत गेली. छातीत स्प्रिंग पडल्यावर त्यांना पुन्हा पायडल सापडले होते. "चढ संपला की वारं लागतंय बघा कानाला," एकदा ते मला म्हणाले, "तसं वारं मोटारसायकलीवर न्हाय लागत."

अण्णांनी त्यांना घेतले. सोबत नेहमीचा सल्लाही दिला. "किट घ्या महादेवराव. त्याशिवाय लांब जमत नाही. आणि ग्रुपचं एक दिसणं असतं."

डिसेंबरच्या शेवटी महादेवराव किट घालून आले. ग्रुपचीच निळी जर्सी, नवी कोरी, आणि काळी बिब. फक्त बिबचे पट्टे त्यांनी जर्सीच्या वरून घेतले होते. शाळेत जाणाऱ्या पोराची गॅलसची चड्डी असते तसे. निळ्या छातीवरून दोन काळे पट्टे, आणि ते ताणून सरळ केलेले.

हा या खेळातला एकच असा गोंधळ आहे जो पुस्तकात कुठे लिहिलेला नसतो. गॅलस दिसायचे असतात अशीच आपल्याकडची समजूत. जे खांद्यावर घ्यायचे ते दाखवायचे. उपरणे घ्या, शेला घ्या. इथे मात्र महागडे पट्टे जर्सीखाली झाकायचे असतात. कुणी सांगितल्याशिवाय ते कसे कळणार?

दाताचा डॉक्टर समीर गाड्याला टेकून उभा होता. तो आधी खोकला, मग खोकता खोकता त्याला हसू फुटले. मग सगळेच हसले. महादेवरावही हसले, कशाला ते कळायच्या आधी. समीरने फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. खाली दोनच शब्द : 'पैलवान आले.' मग व्यंकटेश त्यांना गाड्यामागे घेऊन गेला. थंडीत उघड्या अंगाने महादेवरावांनी पट्टे आत घेतले आणि परत आले.

"आता बरोबर?" त्यांनी विचारले.

"एक नंबर," अण्णा म्हणाले. "आता आपल्यातले झालात."

हे वाक्य अण्णांनी मनापासून उच्चारले होते, यात शंका नाही.

संक्रांतीच्या सुमारास रविवारची फेरी होत नाही. सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि अर्धा ग्रुप मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, नंदीध्वजांच्या मागे असतो. त्या दिवसांत शहराचा रंग पांढरा होतो. बाराबंदी हा बाराही बंद बांधायचा पांढरा अंगरखा. तो घालून हजारो माणसे नंदीध्वजांबरोबर चालतात. अण्णांच्या घराण्यात ते पिढ्यांपासून आहे. महादेवराव इतकी वर्षे शहरात राहून त्या वर्षी पहिल्यांदा शेजाऱ्याच्या आग्रहाने बाराबंदी घालून गेले. त्यांनी नंतर सांगितलेला प्रसंग असा : गर्दीत एका म्हाताऱ्याने त्यांना दंडाला धरून थांबवले, छातीवरचे दोन बंद सोडले, पुन्हा बांधले, वर एकदा हात फिरवला आणि "हं, चला" म्हणून पुढे गेला. चेहरा नीट दिसलाही नाही.

यावरून यात्रेत सगळे समान असतात असे म्हणता येणार नाही. तिथेही मान असतात, मानकरी असतात, कुणी कुठल्या ध्वजाजवळ चालायचे यावरून रुसवे असतात. खळ किती, इस्त्री कुणाची, हेही बघणारे बघतात. पण चुकलेला बंद हा त्या माणसाविषयीचा पुरावा धरला जात नाही. तो बांधून द्यायचा असतो, एवढेच. आणखी एक गोष्ट आहे. नंदीध्वज उंच आणि जड. तो तोलून नेणाऱ्याच्या पावलाने सगळ्यांना चालावे लागते. तिथे कुणाला पुढे निघून जाता येत नाही. इटलीची जर्सी घालून वाऱ्याशी भांडणारे अण्णा त्या दिवशी अनवाणी, पाऊल-पाऊल, तासन् तास चालत होते. ते त्या दिवशी कुणाला सल्ला देताना दिसले नाहीत.

यात्रा संपली, ज्वारीची कणसे भरली, पहाटेचे धुके बार्शी रस्त्यावर उतरू लागले. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. महादेवरावांचे पट्टे आता आत होते, मोजे पांढरे होते, टोपीची चोच वर होती. निघतानाच्या फोटोत ते मधोमध असत. पण निघाल्यावर ग्रुपचा दुसरा नियम लागू होई, आणि तो किटपेक्षा जुना होता : जो मागे राहील, तो वडाळ्यात भेटेल. थांबायचे नाही. थांबले की लय तुटते, वेगाची सरासरी पडते, आणि ती सरासरी मोबाइलच्या ॲपवर सगळ्या शहराला दिसते.

बाळे ओलांडेपर्यंत महादेवराव सगळ्यांबरोबर असत. पुढे ते रस्त्यावर एकटे उरत. डॉक्टरने दमाने सांगितले होते. ते दमाने चालवत. वडाळ्यात पोचत तेव्हा इतरांचे भजी-चहा उरकलेले असत. कुणी म्हणे, "या या, छान," आणि पाण्याची बाटली भरून निघे. येताना पुन्हा तेच. घरी गेल्यावर वहिनी विचारत, "कोण कोण हुतं?" ते सगळ्यांची नावे सांगत. ती खोटी नव्हती. सगळे होतेच, फक्त दोन-चार गावे पुढे.

कपड्यांवरून हसणारी माणसे सहज दिसतात, म्हणून आपण तोरा तिथेच शोधतो. पण किट घेता येते, पट्टे आत घालता येतात, मोजे बदलता येतात. ज्याला हसले तो शिकून घेतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला हसतो. वेगाचे तसे नाही. मागे पडलेल्याला कुणी काही बोलत नाही. त्याला बोलायला तिथे कुणी नसतेच.

हे वहिनींना कळले ते त्यांच्या माहेरामुळे. माहेर वडाळ्याचे. भावाचे स्टँडजवळ खत-बियाण्यांचे दुकान. एका रविवारी भावाने निळ्या जर्सींचा घोळका हॉटेलात शिरताना पाहिला, दाजींना चहाला बोलवावे म्हणून गेला, तर दाजी त्यात नव्हते. घोळका खाऊन निघूनही गेला. मग त्याने बहिणीला फोन लावला : "अक्का, दाजी आज आल्याती न्हवं? समदे गेले, ह्ये कुटं दिसनात." त्यानंतर बऱ्याच वेळाने महादेवराव आले. तोपर्यंत वहिनींनी फोन हातात धरून काय विचार केला असेल, ते त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

पुढच्या रविवारी सात रस्त्यावर महादेवरावांच्या सायकलीमागून एक स्कूटर आली. वहिनींनी साडीवर नवऱ्याचा जुना स्वेटर घातला होता, डोक्याला स्कार्फ. स्कूटर बंद करून त्या सरळ घोळक्यापाशी गेल्या. महादेवराव मागे सायकल धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

समीरला वाटले, कारण तो फोटोच आहे. तो पुढे झाला. "वहिनी, त्या फोटोचं मनावर घेऊ नका हं. गंमत होती."

"कुटला फोटू? गॅलसचा व्हय?" वहिनी म्हणाल्या. "त्यो मीच माज्या भनींना पाठिवला. लई हसल्या. त्यासाठी न्हाय आले मी."

समीर मागे सरकला.

"गेल्या ऐतवारी तुमी समदे वडाळ्यात खाऊन उठलासा, तवा ह्ये रस्त्यातच हुते. एकटे. मधी काय झालं असतं, तर थांबनार कोन हुतं?"

"आम्ही सगळे आहोत ना वहिनी," व्यंकटेश म्हणाला.

"समदे म्हंजी कुनीच न्हाय. एकाचं नाव सांगा."

चहावाल्याने स्टोव्हची ज्योत कमी केली. त्याला काय वाटले कुणास ठाऊक.

अण्णांनी घसा साफ केला. "तसं नसतंय वहिनी. प्रत्येकाचा पेस वेगळा असतो की."

"प्येस म्हंजी?"

"वेग."

"ह्येंचा वेग मला म्हाईत हाय. लगीन झाल्यापास्नं बघतीया. मी नाव इचारलं." मग आवाज न चढवता त्या पुढे म्हणाल्या, "नाव असंल तर ह्ये येतील. न्हायतर सायकल आजच्या गाडीनं पुन्याला जातीया. पोराला सांगून ठिवलंय."

"रत्ना, बास कर आता," महादेवराव हळूच म्हणाले. "चल. जाऊ घरी."

पंधरा माणसे उभी होती. सगळ्यांचे कपडे अंगाला बेतलेले, पाठीवरच्या खिशांत केळी, खजूर, हवा भरायचा लहान पंप, अडचणीला लागेल ते सगळे. एकाच्या हँडलवरचे यंत्र टिकटिक करून बंद झाले. कुणीतरी ब्रेक दाबून पाहिला. एक नाव द्यायचे म्हणजे संपूर्ण हिवाळा द्यायचा होता, हे प्रत्येकाला त्याच क्षणी समजले असावे.

"मी," अण्णा म्हणाले. "मी थांबतो. राजशेखर माझं नाव."

सगळ्यांनी वळून बघितले. ग्रुपच्या पुढच्या चाकाला मागे राहायचे होते. वहिनींनी मात्र अण्णांकडे खालून वरपर्यंत नजर टाकली. स्थळ बघावे तशी. खटक्यांचे बूट, पोटावर ताणलेली इटलीची जर्सी, हेल्मेटखालून निघालेले पांढरे केस.

"तुमचं वय काय म्हनायचं?"

"अठ्ठावन्न."

"आन तुमाला काय झालं तर?"

अण्णांकडे धाग्याचे उत्तर होते, शिवणीचे होते, गादीच्या जाडीचे होते. याचे नव्हते.

"मी हाय की," मागून महादेवराव म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले. मग पुन्हा अण्णांकडे. "मग ठीक हाय," म्हणाल्या, "दोगंबी जावा," आणि स्कूटर सुरू करून गेल्या.

घोळका निघाला. नेहमीसारखे खटके लागले, साखळ्या गरगरल्या आणि वळणापर्यंत पोचता पोचता निळा रंग धुक्यात नाहीसा झाला. ते दोघे सर्वांत शेवटी निघाले, जोडीने, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. चहाच्या गाड्यासमोरून जाताना अण्णांनी मागे वळून स्कूटर गेल्याची खात्री केली. मग सायकल महादेवरावांच्या अगदी जवळ घेतली आणि आवाज खाली आणून विचारले,

"महादेवराव, तुमचा तो स्प्रिंगचा डॉक्टर... रविवारी असतो का हो?"